पार्ट नंबर नाही!

आपल्या पिढीला एक गोष्ट एकदम सही जमते. बदलून टाकणं! मिक्सरच्या भांड्याचं कपलर गेलं, नवा मिक्सर. बॅगेची चेन अडकली, नवी बॅग. हेडफोनची एक बाजू बंद पडली, की आपण दुसऱ्या कानानं गाणी ऐकता ऐकताच नवा हेडफोन ऑर्डर करतो. ‘रिपेअरला टाकण्यापेक्षा नवाच घे ना’ हा तर आपला राष्ट्रीय सल्ला! आणि त्यात चूक तरी काय म्हणा. आठवड्याचे पाच दिवस ऑफिस, त्यात हिंजवडीचं ट्रॅफिक. स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायला वेळ कुणाला आहे?

मीही याच पंथातली. पण माझ्याकडे एक वस्तू अशी आहे, की तिचा पार्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही. साइटवर नाही, कॅटलॉगमध्ये नाही. कारण ती वस्तू बाबांनी बनवलीये. माझी टार्गेट रायफल.

थांबा, थांबा, पोलिसांना फोन लावू नका! सांगते सगळं.

हौसेला मोल असतं!

मी दहा मीटर एअर रायफल खेळते. तीच इव्हेंट, जिच्यात अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला गोल्ड मेडल मारलं. बार-बिर काही नाही. नुसती दाबलेली हवा आणि ४.५ मिलिमीटरचा छर्रा. आपल्याकडे ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला २०१६ च्या आर्म्स रूल्सनुसार लायसन्स लागत नाही. स्पर्धेतल्या रायफलची ताकद असते साधारण साडेसात ज्यूल. म्हणजे तशी निरुपद्रवी. अर्थात रेंजवर असं बोललात, तर कोच बाहेर काढतील. तिथे बंदूक ती बंदूकच.

कॉलेजात असताना एका मैत्रिणीबरोबर बालेवाडीच्या रेंजवर गंमत म्हणून गेले आणि अडकले. सुरुवातीला क्लबची रायफल होती. पण या खेळात दुसऱ्याची रायफल म्हणजे दुसऱ्याचे बूट! प्रत्येकाची मान वेगळी, हाताची लांबी वेगळी, गालाचं हाडसुद्धा वेगळं. कधी ना कधी स्वतःची घ्यावीच लागते. आणि नवी मॅच रायफल म्हणजे डायरेक्ट लाखांच्या घरात. नावाजलेल्या बऱ्याच रायफली जर्मनीतून येतात. त्यातल्या दोन कंपन्या तर उल्म या एकाच गावातल्या. आइन्स्टाइनचं जन्मगाव ते. बाबा म्हणाले, ‘‘किंमत ऐकून माझाही काळ थांबला.’’

बाबा पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टर्नर होते. टर्नर म्हणजे लेथवर काम करणारा माणूस, हे आजकाल सांगावं लागतं. माझ्या ऑफिसमधल्या एकीला वाटलं होतं, ते पानं उलटायचं काहीतरी काम असावं!

२०१८ साली एक सीनिअर शूटर आपली जुनी रायफल विकत होता. बॅरल उत्तम, ॲक्शन उत्तम, मागचा लाकडी स्टॉक मात्र चिरलेला. त्यामुळे स्वस्तात मिळाली. बाबांनी ती डायनिंग टेबलवर ठेवली, चष्मा लावला आणि पाऊण तास नुसते बघत बसले. मग म्हणाले, ‘‘बॅरल, ॲक्शन आणि हवेचं सिलिंडर, यांना आपण हात लावायचा नाही. जिथं दाब आहे, तिथं कंपनीचंच काम. बाकीचं मी करतो.’’ सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरतात. म्हणजे आपल्या आजूबाजूच्या हवेच्या दोनशेपट दाब! त्याच्याशी घरी खेळ नाही, हा बाबांचा पहिला नियम. त्या सिलिंडरलाही एक्स्पायरी डेट असते. ती बाबांनी कॅलेंडरवर गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवली.

पण बाकीचं सगळं, म्हणजे माझा खांदा, गाल, मूठ आणि डावा तळहात जिथं जिथं टेकतो ते सगळं, घरचं. ॲल्युमिनियमची फ्रेम बाबांची. शिसवी मूठ आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांची. गालाखालच्या पट्टीवरचं चामडं आईच्या जुन्या पर्सचं. नियमाप्रमाणे वजन साडेपाच किलोच्या आत हवं. आमची भरली ४ किलो ९००. कुठे? रद्दीवाल्याच्या काट्यावर! नंतर स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोललाही तेवढंच भरलं. रद्दीवाल्याचा काटा खरा निघाल्याची पुण्यातली ही बहुधा पहिलीच केस.

पाव मिलिमीटरची गोष्ट

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

दहा मीटरवर टार्गेट असतं. त्यातला ‘दहा’ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. बॉलपेननं कागदावर टेकवलेलं टिंब. छर्रा मधोमध गेला तर १०.९. त्याहून जास्त नाही. केंद्रापासून प्रत्येक पाव मिलिमीटर सरकलात, की ०.१ कमी. असे साठ शॉट्स, ७५ मिनिटांत, उभ्यानं. पूर्ण स्कोअर ६५४. पूर्वी बायकांना चाळीसच शॉट्स असायचे. २०१८ पासून सगळ्यांना साठ.

गेल्या वर्षीच्या राज्य स्पर्धेत नॅशनलला लागणारा स्कोअर माझा ०.८ नं हुकला. ऑफिसमध्ये सांगितलं तर सगळे म्हणाले, ‘‘बस? पॉइंट एट?’’ मी घरी येऊन कॅल्क्युलेटर काढला. ०.८ म्हणजे दोन मिलिमीटर. एका शॉटचे नाही हं! साठ शॉट्सचे मिळून दोन मिलिमीटर. एक वर्ष सकाळी साडेपाचला उठून बालेवाडी, तिथून ऑफिस, एकाही मित्राच्या लग्नाला शनिवारी जायचं नाही. आणि फरक किती? एक रुपयाच्या नाण्याच्या जाडीपेक्षा थोडा जास्त. त्या रात्री मी आईस्क्रीमचा फॅमिली पॅक एकटीनं संपवला.

यंदा तयारी झकास चालली होती. स्पर्धेला तीन आठवडे उरले आणि एक विचित्र प्रकार सुरू झाला. पहिले तीस शॉट्स मस्त. त्यानंतर ग्रुप हळूहळू खाली उजवीकडे सरकायचा. १०.४ चे ९.७ व्हायचे. छर्रे बदलले. साइट तपासली. जॅकेटची बटणं मागेपुढे केली. शेवटी शंका स्वतःवर येते. हा खेळ डोक्याचा असल्यामुळे आधी डोकंच खराब झालंय असं वाटतं! मी दोन दिवस यू-ट्यूबवर ध्यानधारणेचे व्हिडिओसुद्धा बघितले.

तिसऱ्या दिवशी कोच मॅडमनी रायफलची बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकते ती पट्टी, अंगठ्यानं दाबून बघितली. ‘‘अगं, हे हलतंय!’’

डोळ्याला दिसत नव्हतं. अंगठ्याला कळत होतं.

बट प्लेट एका १२ मिलिमीटरच्या स्टीलच्या दांडीवर बसते. ती दांडी एका ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये सरकते आणि बोल्ट आवळला की घट्ट होते. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ब्लॉक. रायफल केसमध्ये बसवायची तर बट प्लेट काढावी लागते. म्हणजे आठवड्यातून चार वेळा खोलायचं, चार वेळा आवळायचं. असं सहा वर्षं. बोल्ट स्टीलचा, आटे ॲल्युमिनियमचे. स्टीलपुढे ॲल्युमिनियम किती दिवस टिकणार? आटे झिजले. प्रत्येक शॉटला रायफल खांद्याला लावली, की दांडी केसभर फिरायची. खांदा फिरला की गाल फिरतो, गाल फिरला की डोळा साइटच्या मधोमध राहत नाही. संपली कथा.

एवढ्याशा पार्टनं काय होतं, असं वाटत असेल तर मनू भाकरला विचारा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या जुलैमध्ये, क्वालिफिकेशन चालू असताना तिच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर मोडला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, घड्याळ काही थांबलं नाही. ५७५ स्कोअर, बारावा नंबर, फायनल दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं दोन ब्राँझ जिंकली ते आपण पेढे वाटून साजरं केलं. पण मधली तीन वर्षं कशी गेली असतील, हे मला त्या झिजलेल्या ब्लॉककडे बघताना पहिल्यांदा नीट कळलं.

आणि माझा तर पार्टही विकत मिळणार नव्हता. एका इम्पोर्टरला फोन केला. तो गोड आवाजात म्हणाला, ‘‘मॅडम, मॉडेल आणि पार्ट नंबर सांगा.’’ काय सांगणार? मॉडेल : बाबा. पार्ट नंबर : नाही.

बाबांचे हात

तुम्ही म्हणाल, मग प्रॉब्लेम काय? ज्यांनी बनवला, तेच दुसरा बनवतील!

प्रॉब्लेम हाच होता. बाबांचे हात थरथरतात.

२०२१ च्या सुमारास सुरू झालं. आधी चहाचा कप बशीत वाजायला लागला. मग बँकेत सही जुळेना. आम्हाला वाटलं, पार्किन्सन्स. डॉक्टर म्हणाले, नाही, हा ‘एसेन्शियल ट्रेमर’. पार्किन्सन्समध्ये बहुधा हात मांडीवर निवांत ठेवला असताना कापतो. यात उलटं. निवांत असताना ठीक, काहीतरी करायला गेलं की थरथर. घास उचलताना, किल्ली लावताना, पेन धरताना. जिवाला धोका नाही. पण टर्नरच्या जिवाला काय वाटतं, ते रिपोर्टमध्ये येत नाही.

त्यांना प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी चालू झाली. आता यातली गंमत ऐका. हे औषध हाताची थरथर आणि हृदयाचे ठोके कमी करतं. म्हणूनच नेमबाजांना त्यावर सक्त बंदी आहे, स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्येच उत्तर कोरियाच्या किम जाँग-सूची दोन पदकं याच औषधापायी काढून घेतली होती. त्यामुळे आमच्या घरात बाबांची गोळी वेगळ्या डब्यात, वेगळ्या कपाटात. एकाच घरात एका माणसाला जे लागतं, ते दुसऱ्याला चालत नाही. एकाचे हात हलतात म्हणून, दुसरीचे हलू नयेत म्हणून!

थरथर सुरू झाल्यापासून बाबा वर्कशॉपमध्ये गेले नव्हते. रिटायरमेंटनंतर दर शनिवारी भोसरीला त्यांच्या जुन्या दोस्ताच्या गाळ्यात जायचे. ते बंद. कारण कधी सांगितलं नाही. दोस्ताचा फोन आला की म्हणायचे, ‘‘बघू, पाय दुखतोय.’’ पायाला काहीही झालेलं नव्हतं.

मी ब्लॉक त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे नेला, आत डोकावले.

‘‘आटे गेले.’’

‘‘हो.’’

‘‘बाहेरून करून घे कुणाकडून तरी. आता सीएनसी झालंय सगळीकडे.’’

मी खरंच विचारून आले. तीन ठिकाणी. पहिल्यानं ड्रॉइंग मागितलं. दुसऱ्यानं ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून सांगितलं. तिसरा म्हणाला, ‘‘ताई, एक पीस? शंभरची ऑर्डर असेल तर बोला.’’ त्याचंही बरोबर आहे. मशिन सेट करायला जेवढा वेळ जातो, त्यात त्याचे पन्नास पीस निघतात.

परत येऊन मी बाबांना म्हटलं, ‘‘काकांच्या गाळ्यात जाऊ या.’’

‘‘मी मशिनला हात लावणार नाही.’’

‘‘हात माझे. तुम्ही फक्त बोलायचं.’’

ते काहीच बोलले नाहीत. पण रात्री अकराला बाथरूमला उठले तेव्हा मला दिसलं, कपाटातला मायक्रोमीटरचा डबा त्यांनी बाहेर काढून टेबलावर ठेवला होता.

भोसरीतला शनिवार

काकांचा गाळा म्हणजे वीस बाय तीसची जागा. एक मिलिंग मशिन, एक ड्रिल आणि कोपऱ्यात म्हैसूर किर्लोस्करचा जुना लेथ. माझ्यापेक्षा वयानं मोठा, तब्येतीनं माझ्यापेक्षा बरा.

‘‘या मास्तर!’’ काका एवढंच म्हणाले. चार वर्षं कुठे होता, वगैरे काही नाही. कारखान्यात ॲप्रेंटिस पोरांना शिकवायचे म्हणून बाबा सगळ्यांचे मास्तर. त्यांनी चहा मागवला आणि बाबांचा कप मुद्दाम अर्धाच भरला. मला ते इतकं आवडलं!

पहिलं लेक्चर कपड्यांवर. ओढणी नाही, केस बांधून टोपीत, घड्याळ-अंगठी काढ. हातमोजे? ‘‘अजिबात नाही. फिरत्या मशिनवर मोजा अडकला तर मोज्याबरोबर हात जातो.’’ आणि चकची किल्ली चकमध्ये ठेवून कधीही हात सोडायचा नाही, मशिन बंद असलं तरी. किल्ली एका हातात असेपर्यंतच चकमध्ये. आमच्या ऑफिसच्या फायर ड्रिलपेक्षा हे भयंकर सीरियस होतं.

मग डिझाइन. मला वाटलं, जुन्यासारखाच नवा करायचा. बाबांनी मान हलवली. ‘‘जुन्यासारखा केला तर सहा वर्षांनी पुन्हा हेच. आटे स्टीलमध्ये पाडू. ॲल्युमिनियमला फक्त दाबायचं काम देऊ.’’ तुम्ही खोक्यातून येणारं फर्निचर जोडलं असेल, तर त्यात एक गोल, आडवी, मधे आटे असलेली पिन असते बघा. तसंच. १० मिलिमीटरची स्टीलची पिन ब्लॉकमध्ये आडवी बसवायची आणि बोल्ट तिच्यात जाणार. उद्या आटे गेलेच, तर पिन बदलायची, ब्लॉक तसाच. मी म्हटलं, ‘‘बाबा, याला आमच्यात मॉड्युलर आर्किटेक्चर म्हणतात.’’ ते म्हणाले, ‘‘आमच्यात अक्कल म्हणतात.’’

ॲल्युमिनियमचा तुकडा काकांच्या भंगाराच्या पेटीत मिळाला. चांगला ६०६१ ग्रेडचा. तो मिलिंगवर काटकोनात करून घेतला. त्यावर निळी शाई फासली, खुणा केल्या, मधोमध पंच मारला. मग लेथ.

चार जबड्यांचं चक असतं. चारही जबडे वेगवेगळे सरकतात. तुकडा त्यात असा धरायचा, की पंचची खूण अगदी फिरण्याच्या केंद्रावर यावी. त्यासाठी डायल. डायलची एक रेघ म्हणजे ०.०१ मिलिमीटर. डोक्याचा एक केस साधारण सात रेघांचा! चक हातानं फिरवायचं, काटा किती हलतो बघायचं, एक जबडा सैल, समोरचा घट्ट. पुन्हा फिरवायचं. वीस रेघा. बारा. पुन्हा. नऊ. एक बाजू जमली की दुसरी बिघडते. अर्धा तास झाला. पस्तीस मिनिटं.

काका म्हणाले, ‘‘मास्तर, पोरगी कंटाळत नाही हो.’’

बाबा म्हणाले, ‘‘तिला सवय आहे.’’

इतक्या वर्षांत माझ्या शूटिंगवर बाबांनी दिलेली ही पहिली प्रतिक्रिया. मेडल आणलं तेव्हा म्हणाले होते, ‘‘जेवलीस का?’’

दोन रेघांवर काटा थांबला. ‘‘पुरे,’’ बाबा म्हणाले. मग आधी सेंटर ड्रिल, मग ८ चं, मग साडेअकराचं. त्यानंतर आतून हलकं बोअरिंग. कारण ड्रिल कधी कधी वाकडं जातं आणि रीमर भोकाच्या मागं मागं जातो, भोक सरळ करत नाही. प्रत्येक वेळी ब्रशनं रॉकेल. ॲल्युमिनियम गरम झालं की टूलच्या धारेला चिकटतं आणि मग भोक खरवडल्यासारखं होतं. माझा हात चाकावर, बाबा मागे उभे, दोन्ही हात खिशात.

‘‘आवाज ऐक. किर्र झाला की थांब. कीस बाहेर काढ.’’

‘‘दाबू नको. त्याला खाऊ दे.’’

‘‘आता श्वास सोड.’’

मी चमकून मागे बघितलं. हे तर कोच मॅडमचं वाक्य!

शेवटी १२ चा रीमर. अगदी हळू, भरपूर रॉकेल. भोक बारा मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि १८ मायक्रॉनपेक्षा जास्त मोठं नको. तपासायला एक दुतोंडी गेज असतो. एक टोक ‘गो’, दुसरं ‘नो-गो’. गो आत जायला हवं, नो-गो अडायला हवं. दोन्ही जायला लागली तर तुकडा भंगारात. गो सळ्ळकन गेला. नो-गो तोंडाशीच अडला. मी ओरडणार होते, पण बाबा शांत होते म्हणून मीही शांत राहिले.

पिनचे आटे हातानं. टॅप अर्धा वळसा पुढे, पाव मागे. अर्धा पुढे, पाव मागे. घाई केली तर टॅप आत तुटतो. मग तो काढायला अख्खा दिवस. त्यानंतर मिलिंगवर ब्लॉकला एक बारीक चीर, म्हणजे बोल्ट आवळला की दोन ओठ मिटल्यासारखे जवळ येतील आणि दांडी पकडतील. शेवटी कानस घेऊन सगळ्या कडा मोडल्या. सकाळी दहाला सुरू केलेलं काम संध्याकाळी सव्वापाचला संपलं. एक पीस! सीएनसीवाला हसला असता.

दांडी बसवायची वेळ आली, तेव्हा बाबांनी खिशातून हात काढले. हात कापत होते. दांडीचं टोक भोकाच्या कडेवर टकटक वाजलं. एकदा, दोनदा. मी पुढे झाले नाही, काकाही झाले नाहीत. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताची बोटं ब्लॉकवर टेकवली, त्या बोटांवर उजवा हात टेकवला आणि दांडी आत सोडली. हवा दबत दबत ती आपल्या वजनानं खाली गेली. लोण्यात सुरी जाते तशी.

काका म्हणाले, ‘‘मास्तर, फिट बघा.’’

बाबा म्हणाले, ‘‘हं.’’

बस. त्या ‘हं’मध्ये चार वर्षं होती.

ब्लॉक हलला का?

राज्य स्पर्धेच्या दिवशी बाबा आले नाहीत. त्यांना स्पर्धा बघवत नाहीत. म्हणतात, तुम्ही उभे असता साठ शॉट्स, आणि दम माझा जातो. इक्विपमेंट कंट्रोलमध्ये वजन, मापं सगळं पुन्हा तपासलं गेलं. नव्या ब्लॉकमुळे २० ग्रॅम वाढले होते, इतकंच.

तिसाव्या शॉटनंतर मी मनातल्या मनात वाट बघत होते. आता सरकेल, आता सरकेल. एकतीस, बत्तीस. चाळीस. ग्रुप जिथल्या तिथं. पन्नासाव्याला मी ब्लॉकचा विचार करायचं सोडून दिलं. चांगल्या पार्टचं हेच लक्षण असावं. तो आहे, हे आपण विसरून जातो.

यंदा नॅशनलचा स्कोअर मी १.३ नं ओलांडला. हिशोबाच्या भाषेत सव्वातीन मिलिमीटर. ब्लॉकमुळे? एकट्या ब्लॉकमुळे नाही. वर्षभराची पहाट आहे त्यात, मॅडमचा ओरडा आहे. पण हुकला असता, तर मी नक्की सांगू शकले असते की कशामुळे!

बाबांना फोन केला. त्यांनी स्कोअर विचारला नाही.

‘‘ब्लॉक हलला का?’’

‘‘नाही हलला.’’

‘‘मग ठीक. जेवलीस का?’’

आता बाबा पुन्हा शनिवारी भोसरीला जातात. गोळी चालू आहे, थरथरही आहे, ती काही जादूनं गेली नाही. मशिनला ते हात लावत नाहीत. काकांकडे आयटीआयची दोन पोरं कामाला आहेत. बाबा त्यांच्या मागे हात खिशात घालून उभे राहतात आणि ‘‘आवाज ऐक’’ म्हणतात. पोरं त्यांना घाबरतात, म्हणजे शिकवणं व्यवस्थित चालू असावं. रेंजवरच्या एका ज्युनिअर मुलाला असाच ब्लॉक हवाय, तर त्याचंही काम काकांकडे लागलंय.

त्यासाठी बाबांनी परवा घरी ड्रॉइंग काढलं. पट्टी धरूनसुद्धा रेघा थोड्या लाटांसारख्या आल्यात. मापं मात्र एकूण एक बरोबर. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात कारखान्यातल्यासारखा चौकोन आखलाय. पार्टचं नाव, मटेरियल, तारीख. पार्ट नंबरच्या जागी ठळक ‘१’. खाली ‘ड्रॉन बाय’पुढे त्यांची ती न जुळणारी सही. आणि ‘मशीन्ड बाय’पुढे माझं नाव.

माझ्या डिग्रीचं सर्टिफिकेट कुठल्या फाइलमध्ये आहे, मला आठवत नाही. हा कागद मात्र मी लॅमिनेट करून घेतलाय.